बिचाऱ्या नल-झिरोला शिव्या का?

मंडळी, ईआयजीआरपीचे रूट्स समराइझ करून ओएसपीएफमध्ये ढकलले आणि एखादं सबनेट पोचेनासं झालं, की आपले लोक सिस्को राउटरवर 'शो आयपी रूट' मारतात. त्यात नल-झिरो दिसतो. "हाच तो चोर!" म्हणून त्याला उडवायला धावतात. साफ चूक!

हिशेब बघा. सीमेवरच्या राउटरने ओएसपीएफला १०.१.०.०/२२ सांगितलं, म्हणजे १०.१.० ते १०.१.३ ही चारही सबनेट माझ्याकडे आहेत असा शब्द दिला. १०.१.३.०/२४ पडलं तरी समरी जागेवरच, कारण बाकीची तीन जिवंत आहेत. त्यामुळे पॅकेट येतच राहतात. नल-झिरो असेल तर ती तिथेच मरतात. तो नसेल आणि डिफॉल्ट रूट ओएसपीएफकडे असेल, तर पॅकेट परत तिकडे, तिकडून पुन्हा इकडे. टीटीएल संपेपर्यंत टेबल टेनिस!

म्हणून आधी बघा, तो /२४ चा रूट ईआयजीआरपीमध्ये आहे का? नसेल तर आजार तिथे आहे. आणि समरी तेवढीच द्या, जेवढी सबनेट खरोखर तुमची आहेत. टेबल छोटं दिसावं म्हणून /१६ ठोकून देणं ही शुद्ध थापेबाजी. नल-झिरो ती फक्त उघडी पाडतो.