छत्तीस चित्रांचा हिशेब



दिवाळीच्या सुटीत पुण्याहून आलेल्या नातवाने माझ्या कपाटातील जुना कॅमेरा शोधून काढला आणि विचारले, "आजोबा, हा अजून चालतो का? मला फोटोग्राफी यावरच शिकायची आहे." ज्याच्या खिशातील मोबाईल क्षणात शंभर छायाचित्रे काढतो, त्याला रोल घालावयाच्या कॅमेऱ्याची ओढ लागावी याचे प्रथम नवल वाटले, मग आनंद झाला.

हा कॅमेरा म्हणजे पेन्टॅक्स के १०००. जपानच्या असाही ऑप्टिकल कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणला आणि १९९७ पर्यंत त्याचे उत्पादन चालू होते. त्या काळी परदेशी कॅमेरा आपल्याकडे सहजासहजी मिळत नसे. माझ्यासाठी तो मेहुण्यांनी सिंगापूरहून आणला. जगभरच्या छायाचित्रणाच्या वर्गांत नवशिक्यांच्या हाती हाच कॅमेरा दिला जाई, कारण त्यात आपोआप घडणारे काहीही नाही. शटर पूर्णतः यांत्रिक. वेग १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत. बटणाएवढा सेल केवळ प्रकाशमापकाचा काटा हलवतो. सेल संपला तरी काटा तेवढा थांबतो, कॅमेरा नव्हे.

नातवाला मी त्याचे काम जमाखर्चाच्या भाषेत समजावले. भिंगातील छिद्र किती मोठे आणि ते किती वेळ उघडे, या दोन बाबींवर फिल्मवर पडणारा प्रकाश ठरतो. आपल्या यवतमाळच्या मे महिन्यातील भर दुपारी, १०० क्षमतेच्या रोलवर, छिद्र एफ १६ आणि वेग १/१२५ सेकंद ठेवला की चित्र बहुधा बिनचूक येते. धावते वासरू टिपावयाचे असेल तर वेग १/२५० करावा लागतो. प्रकाश निम्मा घटला, म्हणून छिद्र एक पायरी मोठे करून एफ ११ वर आणावयाचे. एका बाजूला नावे टाकले की दुसऱ्या बाजूला जमा केलेच पाहिजे. पोर व्यापाऱ्याच्या घरचे. त्याला हे एका बैठकीत उमगले.

दुसरा धडा मला स्वतःच्या चुकीतून मिळालेला होता, तोही सांगितला. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरील आपली शकुंतला सत्तर वर्षांहून अधिक काळ वाफेच्या इंजिनावर धावली. १९९४ च्या एप्रिलमध्ये ते इंजिन जाऊन डिझेलचे आले. त्याआधी काही दिवस, दारव्हा येथे नेमणुकीस असताना, मी एक रविवार त्या इंजिनासाठी राखून ठेवला. धूर, पाणी भरणारे कामगार, खिडकीतून डोकावणारी मुले, सारे टिपले. गणक छत्तीसवर गेला, पुढे अडतीसवर गेला, तरी रोल संपेना. घरी येऊन पाहतो तो फिल्मचे टोक चकतीत अडकलेच नव्हते. एकही चित्र उमटले नव्हते. पुन्हा रजा मिळेपर्यंत इंजिन निवृत्त झाले होते. दोष कॅमेऱ्याचा नव्हता. फिल्म पुढे सरकवताना डावीकडील गुंडाळणीची कळ फिरते की नाही, एवढे पाहावयाचे असते. मी पाहिले नव्हते. आयुष्यभर इतरांचे व्हाउचर तपासणाऱ्या माणसाने स्वतःचे तपासले नाही.

हे सारे ऐकून नातू म्हणाला, "मग रोल मागवू या." मागविण्यापूर्वी, बँकेतील जुन्या सवयीप्रमाणे, मी या मालाची माहिती वाचावयास बसलो आणि एका शब्दापाशी थबकलो: जिलेटिन.

फिल्मवरील चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण जिलेटिनच्या थरात बसविलेले असतात. १८७१ साली रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरने ही युक्ती सुचविली आणि छायाचित्रण घरोघर पोहोचण्याचा मार्ग मोकळा झाला. जिलेटिन बनते ते जनावरांच्या हाडांपासून आणि कातडीपासून. त्याला बाजारातील फिल्ममध्ये अद्याप पर्याय नाही. रसायनात धुऊन छापल्या जाणाऱ्या जुन्या छायाचित्रांच्या कागदावरही हाच थर असे.

औषधाची कॅप्सूल घेताना चौकशी करणारे, मुलांच्या जेलीच्या गोळ्यांचे वेष्टन उलटून पाहणारे आपण. आणि मी तीस वर्षे रोलमागून रोल वापरले. चातुर्मासातील प्रवचनांची, दीक्षासमारंभांची, साधुसाध्वींच्या विहाराची छायाचित्रे मीच काढली. त्यांतील काही आजही कुटुंबीयांच्या भिंतींवर आहेत. त्या थरात काय आहे, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

नातवापासून हे लपविता आले असते. दोनच रोल, कोणाला कळणार, असेही मनात आले. परंतु ज्या मालाची पूर्ण माहिती आहे तो अर्धी माहिती देऊन गिऱ्हाइकाच्या हाती ठेवू नये, हे आपल्या पेढ्यांवर वाडवडिलांनी शिकविले आहे. मी त्याला सर्व सांगितले. त्याने विचारले, "तुम्हाला तेव्हा ठाऊक होते?" मी म्हणालो, "नव्हते. आणि मी विचारलेही नव्हते." दुसरे वाक्य उच्चारणे पहिल्यापेक्षा कठीण गेले.

तो बराच वेळ कॅमेरा हातात घेऊन बसला. मग म्हणाला, "रोल नको. पण हे भिंग माझ्या मित्राच्या डिजिटल कॅमेऱ्याला बसेल का?" चौकशी केली. जोडणीचे साधे कडे मिळते. त्याच्या साहाय्याने हे ५० मिलिमीटरचे भिंग नव्या कॅमेऱ्यावर बसते, छिद्र व फोकस हातानेच फिरवावा लागतो. भिंगावर बुरशी तेवढी नसावी. आपल्याकडील पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या भिंगांना ती हमखास लागते. कोरड्या, हवेशीर जागी ठेवणे हाच उपाय. जुन्या कॅमेऱ्यातील सेलही काढून ठेवावा, तो पाझरला तर आतील भाग गंजतात.

कोणी रोल वापरावा आणि कोणी वापरू नये, हा निवाडा मी करणार नाही. जुन्या छायाचित्रांचा अव्हेर करावा असेही मी म्हणत नाही. माझ्या आईचे एकमेव छायाचित्र त्याच थरावर आहे आणि ते भिंतीवरच राहील. मात्र नवी वस्तू विकत घेताना ती कशाची आहे हे विचारावे, आणि घरातील मुलांना ते खरेखरे सांगावे, एवढीच विनंती.

नातवाने एक वही घातली आहे. महिन्याला छत्तीसच चित्रे, असा नियम त्याने स्वतःच केला. प्रत्येक चित्रापुढे तारीख, छिद्र, वेग आणि ते का काढले याचे कारण लिहितो. गेल्या महिन्यातील वही त्याने तपासणीसाठी माझ्याकडे पाठविली. नोंदी एकतीसच होत्या. पाच चित्रे त्याने शिल्लक ठेवली होती.