आम्हाला चार तास हवेत

चिपळूण नगरपरिषदेच्या नगराध्यक्षपदाच्या सर्व उमेदवारांस,



मी बाजारपेठेत तळमजल्यावर राहते. छत्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. तुमच्यापैकी कुणी माझ्या वर्गात बसलेलेही असेल. या निवडणुकीत शहर पुन्हा उभे करण्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकू येतात. बाग, कमान, काँक्रीटचे रस्ते, नाट्यगृह, आणि या सगळ्यांच्या वर 'पूरमुक्त चिपळूण'. यातला शेवटचा शब्द तुम्ही वापरू नये, एवढ्यासाठीच खरे तर हे पत्र लिहायला घेतले आहे.

आपले गाव पूरमुक्त होणार नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मागे सह्याद्रीची भिंत, तिच्यावर कोसळणारा पाऊस काही तासांत खाली उतरतो. पुढे दाभोळची खाडी. भरती असली की वाशिष्ठीला समुद्राकडे वाट मिळत नाही. वाशिष्ठी तुंबली की शिवनदी तुंबते आणि ती तर आपल्या घरांमधूनच वाहते. शिवाय कोयनेचे अवजल. पाणीवाटप लवादाने वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेकडे वळवायला मान्यता दिली. ते पोफळी, कोळकेवाडी करत शेवटी आपल्याच नदीत येते. सांगलीकरांना कृष्णा दिवस-दिवस आधी निरोप पाठवते. वाशिष्ठी तसे काही करत नाही.

म्हणून मला पूरमुक्ती नको. मला वेळ हवा आहे. मोजून चार तास.

हे चार कुठून आणले ते सांगते. २०२१ ची आषाढी एकादशी २० जुलैला होती, बकरी ईद २१ ला. पौर्णिमा दोन दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. २१ च्या रात्री पाऊस असा होता की घरात एकमेकांशी ओरडून बोलावे लागत होते. पहाटे अडीचच्या सुमारास वरच्या मजल्यावरच्या भाभींनी दार ठोठावले. मी उठून पाय खाली ठेवला तो पाण्यात. सासूबाई तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या होत्या, अंथरुणाला खिळलेल्या. मुलाने आणि भाभींच्या मोठ्या मुलाने त्यांना चादरीत घालून जिना चढवला. ह्यांचे गुडघे गेलेले, ते कठड्याला धरून एकेक पायरी चढले. मी औषधांची पिशवी, बँकेची पुस्तके आणि देवातली अन्नपूर्णा एवढे उचलले. सगळे मिळून चाळीस मिनिटे. उजाडले तेव्हा आमच्या खिडक्या पाण्याखाली होत्या. दोन दिवस आम्ही दोन्ही घरांतली अकरा माणसे वर होतो. ईदच्या दुसऱ्या दिवशी भाभींनी आमच्यासाठी वेगळ्या पातेल्यात मुगाची खिचडी लावली. गॅलरीत लावलेल्या पिंपात पावसाचे पाणी धरले, तेच प्यायलो.

नंतर त्या चाळीस मिनिटांचा हिशेब मी कितीदा केला असेल. आजारी माणसाला नीट, न दुखावता हलवायला एक तास. मुलाच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानातला माल माळ्यावर चढवायला दोघांना दीड तास. स्कूटर आणि शेजाऱ्यांच्या रिक्षा उंचावर नेऊन ठेवायला अर्धा. धान्य, गॅस, कागदपत्रे यांना अर्धा. आणि एकटी राहणारी म्हातारी माणसे कुठल्या खोलीत आहेत हे पाहून त्यांना हाक मारायला अर्धा. चार तास झाले. पाण्याच्या बाजूने हिशेब अभियंत्यांनी करावा. हा घराच्या बाजूचा हिशेब आहे.

तेवढा वेळ मिळाला असता तर काय वाचले असते, ते तुम्हीही पाहिले आहे. पाण्याने वेढलेल्या कोविड रुग्णालयात आठ रुग्ण दगावले. बाजारपेठेतले एकही तळमजल्यावरचे दुकान सुटले नाही. सरकारने दुकानदारांना नुकसानीच्या ७५ टक्के किंवा ५० हजार, यांतले जे कमी असेल ते द्यायचे ठरवले. नाही म्हणायला तो आधार होता, पण पन्नास हजारांत दुकान उभे राहत नाही. आमच्या विमा कंपनीचा माणूस मुलाकडे मालाची मूळ बिले मागत होता. बिले गल्ल्याखालच्या खणात होती. त्या खणात बोटभर उरला होता तो चिखल.

लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातही मी गेले होते. १८६४ पासूनचे हे ग्रंथालय. ज्या संस्थेमुळे २०१३ साली आपल्या गावात साहित्य संमेलन भरले ती ही संस्था. २००५ च्या पुरात तिचे नुकसान झाले होतेच, २०२१ ला पुन्हा झाले. भिजलेली पुस्तके फुगतात आणि कपाटात अशी घट्ट बसतात की एकही ओढून निघत नाही. कपाटच फोडावे लागते. त्या फळ्यांसमोर उभी राहून मी रडले. माझ्या घरातला गाळ काढताना रडले नव्हते.

आता तुम्ही म्हणाल, बाई, धरण आमच्या ताब्यात नाही. नदी जलसंपदा खात्याची, रस्ता महामार्गवाल्यांचा, वीज महावितरणची, आपत्तीचे अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचे, आणि नगरपरिषदेतसुद्धा सही मुख्याधिकाऱ्यांची. सगळे खरे. पण महापालिकेतला महापौर नगरसेवक निवडतात, तुम्हाला आम्ही थेट निवडणार आहोत. नगरपरिषदेत ज्याला अख्ख्या गावाने मत दिले असा माणूस फक्त तुम्ही असाल. कोळकेवाडी धरणाच्या नियंत्रण कक्षात फोन करून 'दर तासाला आकडा सांगा' असे म्हणण्याचा अधिकार कायद्यात शोधत बसायला लागू नये. २२ जुलैला धरणातून किती पाणी सोडले, केव्हा सोडले, यावर या गावात अजून वाद होतो. तो वाद संपवायचा एकच मार्ग मला दिसतो. आकडा आधी आणि सगळ्यांना कळला पाहिजे, पूर ओसरल्यावर समितीसमोर नव्हे.

तिवरे विसरू नका. २ जुलै २०१९ च्या रात्री ते छोटे धरण फुटले आणि आपल्या तालुक्यातली माणसे वाहून गेली. रात्र हीच आपली खरी अडचण आहे. दिवसा मोबाइलवर संदेश येतो, माणूस पाहतो. रात्री अडीचला मोबाइल उशाशी बंद असतो, वीज गेलेली असते, टॉवर बसलेले असतात. त्या वेळी घराघरात पोचेल असा आवाज हवा. भोंगा बॅटरीवर चालणारा हवा आणि तो मे महिन्यात वाजवून दाखवायला हवा. पेठमाप, मुरादपूर, खेंड, वडनाका, गोवळकोट, प्रत्येक ठिकाणी माणूस उभा करून, 'ऐकू आला का' असे विचारून. पावसाच्या आवाजात भोंगा विरतो, म्हणून मशिदीचे भोंगे आणि देवळाच्या घंटाही या कामात घ्या. विचारा तर खरे, कुणी नाही म्हणणार नाही. आम्हाला तर भाभींनी उठवले. पण सगळ्यांच्या वर भाभी राहत नाहीत.

नुसता भोंगा वाजवूनही भागत नाही. तो वाजल्यावर काय करायचे हे आधी ठरलेले असावे. वाशिष्ठीच्या पुलाला पाणी अमुक खुणेला लागले की कुठली गल्ली रिकामी करायची, गाड्या कुठल्या शाळेच्या आवारात न्यायच्या, त्या आवाराची किल्ली कुणाकडे. कुठल्या घरात अंथरुणावर माणूस आहे, कुठे बाळंतीण आहे, कुणाला डायलिसिस लागते. ही यादी प्रत्येक प्रभागात बसून एका आठवड्यात होते. मतदारयाद्या घेऊन तुमची मुले दारोदार फिरतातच, त्याच फेरीत होईल. यासाठी कोटींचा निधी लागत नाही.

गाळाबद्दल मी जास्त लिहीत नाही, कारण त्यावर या गावाचे पुरेसे बोलून झाले आहे. २०२१ च्या डिसेंबरात चिपळूण बचाव समितीने साखळी उपोषण केले तेव्हा कुठे नदीत यंत्रे उतरली. नाम फाउंडेशननेही हात लावला. काम झाले हे मान्य. पण गाळ ही काही एकदा उपसून मोकळे होण्याची गोष्ट नाही. वरचे डोंगर वणव्याने आणि तोडीने उघडे पडतात, ती माती दर पावसाळ्यात खाली येते आणि नदीतली बेटे, आपली जुवाडे, पुन्हा वाढतात. काढलेला गाळ काठावरच ढीग करून ठेवला तर पहिल्या मोठ्या पावसाला नदी तो परत घेते. म्हणून दरवर्षी एप्रिलअखेर किती काढला आणि कुठे नेला, याचा फलक चिंचनाक्यावर लावा. आणि शहरातले पऱ्ये, म्हणजे छोटे ओढे, उघडे करा. लहानपणी ज्या पऱ्यांवर आम्ही कागदी होड्या सोडायचो त्यातल्या कित्येकांवर आज स्लॅब आहे. नदी खोल झाली तर पाणी उशिरा चढेल, पऱ्ये मोकळे झाले तर लवकर उतरेल. माझ्या चार तासांतला एखादा तरी तिथून निघेल.

आता जे लिहिते आहे त्याने माझे शेजारी माझ्यावर रागावतील. निळ्या आणि लाल पूररेषा रद्द करून आणतो, असे कुणीही सांगू नका. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. गावाचा मोठा भाग त्यांत येतो, बांधकामाचे परवाने अडतात, जुनी घरे दुरुस्त करता येत नाहीत, लोक हैराण आहेत हे मी रोज पाहते. माझे घर त्यातच आहे. पण रेषा पुसल्याने पाणी दुसरीकडून जाणार नाही. तुम्ही शासनाशी भांडा ते या मागणीसाठी: तळमजला मोकळा सोडून वर बांधायची वाट करून द्या, जुन्या घरांना जिना आणि माळा वाढवायला सोपी परवानगी द्या, विजेचे मीटर आणि रोहित्रे पुराच्या खुणेच्या वर घ्या. दवाखान्यांचे जनरेटर तर आधी. तळघरात जनरेटर असलेले रुग्णालय या गावात चालू राहता कामा नये. हे करताना काही जणांची गैरसोय होईल आणि ते तुम्हाला मत देणार नाहीत. तरीही करा.

यात दिसण्यासारखे थोडे आहे. भोंग्याच्या चाचणीचे उद्घाटन होत नाही, यादीला कोनशिला लागत नाही. कारभार इतके दिवस प्रशासकाकडे होता. आता कुठे आमचा माणूस त्या खुर्चीत बसणार आहे आणि त्याला लगेच काहीतरी डोळ्यांत भरणारे करून दाखवावेसे वाटेल, हे मी समजू शकते. बाग हवीच आहे आम्हाला. पण पहिल्या जूनच्या आधी नको. पहिला जून येईपर्यंत तुमचा प्रत्येक दिवस त्या रात्रीसाठी असू द्या.

पुरानंतर भिंतींना रंग दिला तेव्हा मी रंगाऱ्याला पुढच्या खोलीतली एक पट्टी सोडायला सांगितली. तिथे पाण्याची रेघ तशीच आहे, माझ्या डोक्याच्या वर दोन हात. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत, पावसाचा आवाज वाढला की त्या विचारायच्या, 'वर जायचं का?' आता ह्यांनाही रात्री झोप लागत नाही. जुलैमध्ये आमच्या गल्लीत दोन वाजता कुठल्याही खिडकीत पाहा, दिवा दिसेल.

प्रचाराला याल तेव्हा आमच्याकडे चहाला या. रेघ बघा. आणि मला एकच सांगा: तुम्ही निवडून आलात तर येत्या जुलैत रात्री अडीच वाजता नदीचा आकडा कोण वाचत असेल, आणि त्याचा फोन नंबर काय? नाव आणि नंबर लिहूनच आणा. मी तो दाराच्या आतल्या बाजूला चिकटवणार आहे, आणि एक प्रत वर भाभींकडे देणार आहे.

आपली,
बाजारपेठेतली एक मतदार