स्वस्त कपडा आणि उधारीची वही

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या घरी एक छोटासा वाद झाला. ईदचे कपडे आम्ही दरवर्षी बोईसरला माझ्या चुलतभावाच्या दुकानातून घेतो. यंदा मुलगी म्हणाली, "अब्बा, चाचांकडे नको. विरारच्या मोठ्या दुकानात जाऊ. तिथं स्वतःच्या हातानं बघता येतं, घालून बघता येतं. नाही घेतलं तरी कुणी तोंड वाकडं करत नाही."

मला वाटले होते, ती किमतीबद्दल बोलेल. ती बोलली वागणुकीबद्दल. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे.

गेल्या काही वर्षांत मोठी घराणी स्वस्त कपड्यांच्या धंद्यात उतरली आहेत. टाटांचेच उदाहरण घ्या. सिमोन टाटांनी लॅक्मे नावारूपाला आणली. 1990च्या दशकाच्या शेवटी तो व्यवसाय हिंदुस्तान लिव्हरकडे गेला आणि टाटा कपड्यांच्या दुकानांकडे वळले. कंपनीचे नाव ट्रेंट, दुकानाचे नाव वेस्टसाइड. तिथला गिऱ्हाईक शहरातला, बऱ्या पगाराचा. पुढे त्यांचे चिरंजीव नोएल टाटा यांनी सूत्रे हाती घेतली आणि 2016 साली झुडिओ आले. इथे बहुतेक वस्तू हजार रुपयांच्या आत. मार्च 2020 मध्ये वेस्टसाइडची 165 आणि झुडिओची 80 दुकाने होती. मार्च 2025 मध्ये वेस्टसाइड 248 वर पोहोचले आणि झुडिओ 765 वर. धाकटा भाऊ थोरल्याच्या तिप्पट झाला.

रहेजांचेही तेच. 1991 साली अंधेरीत सुरू झालेले शॉपर्स स्टॉप म्हणजे एकेकाळी काचेतून बघायची जागा. 2023 मध्ये त्यांनीही इनट्यून नावाने स्वस्त कपड्यांची दुकाने काढली.

ही वाट नवी नाही. अमेरिकेत मिनियापोलिस शहरात डेटन कुटुंबाचे मोठे, प्रतिष्ठित दुकान होते. 1962 साली त्यांनी 'टार्गेट' नावाचे स्वस्त दुकान उघडले. त्याच वर्षी वॉलमार्टही सुरू झाले. टार्गेट इतके वाढले की 2000 साली कंपनीने स्वतःचेच नाव टार्गेट करून घेतले, आणि 2004 मध्ये जुनी मोठी दुकाने विकून टाकली. ज्या दुकानाने घराण्याला नाव दिले तेच घराबाहेर गेले.

हे स्वस्त परवडते कसे? माल स्वतःच्याच नावाचा, म्हणून मधले हात कमी. एकेक नमुना प्रचंड संख्येने बनवायचा. झुडिओ तर घरपोच विक्री करत नाही आणि जाहिरातीवर फारसा खर्चही करत नाही. ही गणिते आमच्या चुलतभावाला जमणारी नाहीत. तो घाऊक बाजारातून पाच-पंचवीस नग आणतो. किमतीत तो हरणारच, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पण मुलीने काढलेला मुद्दा किमतीचा नव्हता. आपल्याकडच्या दुकानात गिऱ्हाईक आला की आधी त्याचे कपडे पाहिले जातात. किंमत त्याच्या तोंडाकडे बघून सांगितली जाते. चार नमुने काढून दाखवले आणि एकही घेतला नाही, तर टोमणा ऐकावा लागतो. खाडीवरच्या मच्छीवाल्या मावशीला आणि कारखान्यातल्या साहेबाला एकच भाव सांगणारी दुकाने किती? मोठ्या दुकानात किंमत चिठ्ठीवर छापलेली असते, सगळ्यांना सारखीच. गरिबाला तिथे स्वस्त कपड्याबरोबर थोडी इज्जतही मिळते. मोठ्या घराण्यांनी हे ओळखले, आपण ओळखले नाही.

तरीही एक गोष्ट या 765 दुकानांपैकी एकाकडेही नाही, ती म्हणजे उधारीची वही. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मुरब्यातल्या कितीतरी घरांत रोख पैसा नसतो. शाळा मात्र जूनमध्येच उघडते. वर्गात नव्या गणवेशात बसलेल्या मुलांपैकी काहींचा गणवेश अशाच एखाद्या वहीत लिहिलेला असतो, हे मला शिक्षक म्हणून माहीत आहे. होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की हिशेब फिटतो. सूरह बकरात अडचणीतल्या कर्जदाराला सवड देण्याची शिकवण आहे. आमचे छोटे दुकानदार ती पाळतात, बहुतेक वेळा कुणाला न सांगता. मोठ्या दुकानाची मशीन सवड देत नाही.

म्हणून माझे मत दोन्हीकडे बोचणारे आहे. दुकानदार भावांनो, मोठ्या कंपन्यांना शिव्या देऊन गिऱ्हाईक परत येणार नाही. किंमत लिहून लावा. सगळ्यांना एकच भाव सांगा. कोपऱ्यात पडदा लावून कपडा घालून बघायची सोय करा. मुलींना आणि बायकांना निवांत बघू द्या. याला भांडवल लागत नाही, सवय बदलावी लागते.

आणि आपण गिऱ्हाईक? हातात रोख असताना विरार आणि खिसा रिकामा असताना चाचा, हा न्याय नाही. वही रोखीच्या विक्रीवरच चालते. ती विक्री गेली की एक दिवस वही बंद होईल, आणि त्याची झळ सगळ्यात आधी जूनमध्ये, सगळ्यात गरीब घराला बसेल.

आमच्या घरातला वाद असा मिटला: मुलीचे कपडे विरारहून आले, माझा कुर्ता-पायजमा आणि अम्मीचे कापड बोईसरहून. चुलतभावाला मुलीचे म्हणणे जसेच्या तसे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला. ईदनंतर दुकानात गेलो, तर एका मांडणीवर किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या दिसल्या. एकाच मांडणीवर, पण लावलेल्या होत्या.