घर आणि घरपण : फळ्यांची घाई नको!

जुन्या घराला नवी खोली जोडणे हे नवे घर बांधण्यापेक्षा अवघड काम, हे ज्यांनी केले आहे त्यांना सांगायला नकोच. यंदा मला वाचकांशी बोलायचे आहे ते अशा खोलीतल्या एकाच गोष्टीबद्दल, आणि ती डोळ्यांना दिसत नाही. काँक्रीटच्या पोटातले पाणी!

खामगावच्या आमच्या एका स्नेह्यांनी जुनी माडी उतरवली. तिच्या तक्तपोशीच्या सागवानी फळ्या आजोबांच्या वेळच्या. थंडीत फरशीवर पाय ठेवला की मातोश्रींचे गुडघे धरतात. म्हणून परसातल्या नव्या खोलीत याच फळ्यांची जमीन करायची, असा बेत. काँक्रीट टाकून सहा आठवडे झालेले. गवंडी म्हणाला, "वाळलं की, साहेब, खडखडीत!" स्नेही मला म्हणाले, "दिवाळीला आईला खोलीत न्यायचं आहे हो." मी म्हटले, "आईंना जरूर न्या; फळ्या मात्र होळीनंतर. तोवर रात्री सतरंजी अंथरा आणि सकाळी उचला."

कारण असे. ५० किलो सिमेंटला पक्के व्हायला सुमारे १२ लिटर पाणी पुरते. पण कामाच्या सोयीसाठी पडते २५ लिटर, पुष्कळदा त्याहूनही अधिक. शिवाय सात दिवस, आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, पाणी मारावेच लागते. तिथे काटकसर नको. उरलेले पाणी वरच्या बाजूने हळूहळू निघते. ठोकळ हिशेब असा, की वरचे दोन इंच रोज एक मिलिमीटर या बेताने वाळतात आणि खालचे निम्म्या वेगाने. म्हणजे चार इंची थराला पाच महिने; तेही छप्पर पडून खिडक्या उघड्या असतील तर. आपल्याकडचा कोरडा हिवाळा या कामी मोठा उपकारक.

परीक्षा घरच्या घरी होते. दीड फूट चौरस पारदर्शक प्लास्टिक जमिनीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा. दुसऱ्या दिवशी आतून थेंब दिसले किंवा खाली काळसर डाग पडला, तर थांबा. डाग नाही म्हणून मात्र लगेच निश्चिंत होऊ नका. खोलवरची ओल अशी कळत नाही. भोक पाडून आतली आर्द्रता मोजता येते. ती ७५ टक्क्यांखाली आल्यावरच सुताराला बोलवा.

दुसरी ओल जमिनीतून येते, आणि ती महिने मोजून जात नाही. आपली काळी माती पावसात पाणी धरते, फुगते. ती काढून मुरूम भरावा, चांगला ठोकावा, वर दगडाची सोलिंग, वाळूचा थर आणि त्यावर २५० मायक्रॉनचे प्लास्टिक पसरून मगच काँक्रीट टाकावे. प्लास्टिकच्या कडा भिंतीवर चढवायला विसरू नये. दगडमातीच्या जुन्या घरांत ओल अडवणारा थर बहुधा नसतोच, म्हणून जुनी भिंत आणि नवी खोली यांच्या सांध्याकडे विशेष लक्ष द्या.

शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या खारपाणपट्ट्यातल्या वाचकांनी आणखी एक गोष्ट पाहावी. खाऱ्या बोअरच्या पाण्यात काँक्रीट कालवले, की मीठ आतच राहते आणि दर पावसाळ्यात हवेतली ओल ओढते. पांढरा लोणा फुटतो तो त्यामुळे. बांधकामाला गोडेच पाणी आणा. लोणा आला तर कोरड्या ब्रशने झाडा; धुतलात तर मीठ पुन्हा आत मुरते.

फळ्याही दोन आठवडे त्याच खोलीत ठेवून मगच बसवाव्या. सागवान झाले तरी पावसाळ्यात फुगते, वैशाखात आकसते. म्हणून भिंतीलगत अर्धा इंच फट ठेवून वर पट्टी मारावी. ओलीवर दाबून बसवलेली फळी वाकते, कुजते, आणि वाळवीला तर आमंत्रणच! आजोबांच्या वेळचे लाकूड एकदा गेले की बाजारात पैसे टाकूनही ते मिळत नाही.

एवढे करूनही श्रावणात जमीन ओल दाखवीत असेल, तर हट्ट सोडा. खाली शहाबादी फरशी घाला आणि फळ्यांचा ऐसपैस दिवाण करा. पाय वर घेऊन बसले, की थंडी काही तिथवर पोचत नाही!