कोल्हापूर नाही, कोल्हार!

'गाव कुठलं तुझं?' नवीन ओळख झाली की तिसरा प्रश्न हाच. (पहिला 'काय करतेस?' आणि दुसरा 'फ्रीलान्स म्हणजे नक्की काय करतेस?') मी सांगते, कोल्हार. समोरचा एकदम खूष. 'वा, कोल्हापूर! तांबडा-पांढरा! म्हणजे तुला सगळं झणझणीतच लागत असेल!' नाही हो, पूर नाही, नुसतं हार. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर मॅप लोड होताना दिसतो, होतच राहतो... शेवटी मीच शरण जाते. 'शिर्डीजवळ.' 'अच्छा, शिर्डी! मग असं सांग ना!'

गंमत म्हणजे, हे विचारणाऱ्यांपैकी निम्मेअधिक लोक माझ्या गावातून जाऊन आलेले असतात. पुण्याहून नगरमार्गे शिर्डीला निघालात, राहुरी मागे टाकलंत की पुढे एक नदी लागते. ती प्रवरा. पुलाच्या अलीकडे कोल्हार खुर्द, तालुका राहुरी. पलीकडे कोल्हार बुद्रुक, तालुका राहाता. तुम्ही तेव्हा बहुतेक मान टाकून झोपलेले असता. गावात भगवतीमातेचं मोठं देऊळ आहे. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर आणि सप्तशृंगी अशा साडेतीनही पीठांच्या देवी इथं एकत्र आहेत, असं मानतात. (बघा, कोल्हापूर इथंही आलंच!) पौषात यात्रा भरते, नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते. पण तुमची गाडी काही थांबत नाही. शिर्डी अर्ध्या-पाऊण तासावर आलेली असताना कोण कशाला थांबेल?

तर अशा, न थांबणाऱ्या गाड्यांच्या गावात मी लहानाची मोठी झाले.

खरं सांगू? हायवेवरचं बालपण सॉलिड असतं. टीव्ही बंद असला तरी करमणूक चालू. आमचा नंबरप्लेटचा खेळ असायचा. एमएच बारा पाहिली की एक पॉइंट, गुजरातची दोन, आंध्रची तीन. गुरुवारी पॉइंटांचा नुसता पाऊस! शिर्डी करून शिंगणापूरला जाणाऱ्या जीपा वडापसारख्या भरून पळायच्या. रस्त्याकडेच्या रसवंतीत बैल गोल फिरायचा, घुंगरं वाजायची आणि हिंदी, तेलुगू, गुजराती असा सगळ्या देशाचा कल्ला उसाच्या रसाभोवती जमायचा. पेरूच्या सीझनमध्ये राहात्याच्या पेरूंच्या टोपल्या रस्त्याच्या कडेला मांडलेल्या असायच्या. जग बघायला आम्हाला कुठं जावं लागत नव्हतं, जगच आमच्या दारातून जायचं. फक्त ते आमच्याकडे बघत नव्हतं, एवढंच.

आणि तोच हायवे माणसंही घेऊन जायचा. ही गोष्ट गंमतीत सांगता येत नाही. नगर-मनमाड रस्त्याकाठच्या कुठल्याही गावात जा आणि विचारा, प्रत्येक भावकीत एक तरी नाव निघेल. सायकलवरून दूध घालायला गेलेलं, नाहीतर रात्री उसाच्या बिनदिव्याच्या ट्रॉलीवर मागून आदळलेलं. सहावीत असताना माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी आठवडाभर आली नाही, आणि आली तेव्हा तिच्या आईचं कपाळ मोकळं होतं. आजी आम्हाला कधी भुताची भीती घालायची नाही. 'डांबरी ओलांडू नको,' एवढंच म्हणायची. मधली काही वर्षं तर या रस्त्याच्या खड्ड्यांनी कहर केला. बातम्या झाल्या, आंदोलनं झाली. रस्त्याचं काम आणि रस्त्याची चर्चा, दोन्ही आमच्याकडे बारमाही पिकं आहेत.

बारमाही म्हटलं की ऊस आलाच! दिवाळी संपली की बीडकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या यायच्या. शेताच्या कडेला कोप्या उभ्या राहायच्या. पहाटे टायरगाड्यांची रांग लागायची आणि आम्ही शाळेला जाताना मागून हळूच कांडं ओढायचो. वारा लोणीकडून आला की मळीचा तो वास... पाहुण्यांना मळमळायचं, आम्हाला भूक लागायची. कोप्यांतली माझ्या वयाची एक मुलगी रोज आमच्या हापशावर पाणी भरायला यायची. माझ्याहून उंच, माझ्याहून जोरात धावणारी. चार-पाच महिने आमची घट्ट मैत्री. मार्चमध्ये पट्टा पडला की कोपी मोडून, गाडीत भांडी भरून ते निघून जायचे. पुढच्या हंगामात ती आली तेव्हा तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं. मी तेव्हा सातवीत होते.

आता थोडा इतिहास. घाबरू नका, परीक्षा नाही! आमच्यापासून आठ-दहा किलोमीटरवरच्या लोणीत, म्हणजे प्रवरानगरला, १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. विठ्ठलराव विखे पाटलांनी गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून शेअरचे पैसे गोळा केले आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष म्हणून पाठीशी उभे राहिले. पुढे १९६४ मध्ये प्रवरेची शिक्षण संस्था निघाली, सत्तरच्या दशकात मोठं हॉस्पिटल झालं. सहकारी कारखान्यांची पद्धतच ती. उसाच्या बिलातून टनामागे थोडी कपात होणार आणि त्यातून शाळा, कॉलेज, दवाखाना असं काहीतरी उभं राहणार. शेतकऱ्याच्या पोरानं शिकावं, त्याला कुणापुढं हात पसरायला लागू नये, हा त्यामागचा विचार.

माझे आजोबा सभासद होते. कपातीबद्दल कुरकुरायचे आणि तिच्यातून झालेल्या कॉलेजबद्दल पाहुण्यांना छाती फुगवून सांगायचे, दोन्ही एकाच बैठकीत. शिकलो की आम्ही! अगदी सांगितल्याप्रमाणे शिकलो. माझा एक चुलतभाऊ हिंजवडीत आहे, दुसरा बंगळूरला, मी पुण्यात लेख पाडतेय. आजोबांच्या टनामागच्या रुपयांतून आमची सगळ्यांची एकेरी तिकिटं निघाली, असं मला कधीकधी वाटतं. ही कुणाची फसवणूक नाही. पण हिशेबाच्या वहीत ही रक्कम कुठल्या बाजूला मांडायची, ते मला अजून कळलेलं नाही.

अकरावीला मी एसटीने लोणीला जायला लागले आणि लाइफ बदललं. सवलतीचा पास, खिडकीची सीट (मिळाली तर), वीस-पंचवीस मिनिटांचा प्रवास. तुम्हाला मेट्रोत कंटाळा येतो ना, तेवढ्या वेळात आम्ही स्वतंत्र व्हायचो! कारण गावात मुलगी कधीच एकटी नसते. चौकात उभी राहिली की 'कुणाची गं तू?' आणि सांगितलं की 'मग इथं काय करू राहिली?' हे 'करू राहिली, येऊ राहिली' म्हणजे आमची नगरी बोली. पुण्यात आल्यावर मी ती पंधरा दिवसांत गिळून टाकली. आता फक्त चिडले की बाहेर येते. एकदा एका एडिटरला फोनवर 'मी कधीपासून मेल करू राहिले' म्हणाले. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग हळूच, 'तू पण नगरची का गं?'

पण माझ्या टीनएजमधलं सगळ्यात पक्कं चित्र रस्त्याचं नाही, नदीचं आहे. २०१२ साल. मी दहावीत. पाऊस दडी मारून बसलेला, विहिरी तळाला गेलेल्या, जनावरांच्या छावण्यांच्या बातम्या रोज पेपरात. अभ्यास बॅटरीच्या उजेडात, कारण लोडशेडिंग. घरी एकच विषय, उभा ऊस जगवायचा की जनावरांपुढं टाकायचा. आणि त्या वर्षाच्या अखेरीला, कोरडी पडलेली आमची प्रवरा अचानक वाहायला लागली. वर ढग नाही, पाऊस नाही आणि नदीला पाणी! आम्ही पुलावर धावलो.

ते पाणी आमचं नव्हतं. ते वरच्या भंडारदरा धरणातून खाली जायकवाडीला, मराठवाड्याला चाललेलं होतं. वरच्या धरणांनी तुटीच्या वर्षात खालच्यांना पाणी द्यायचं, असं २००५ च्या कायद्यात आहे. वाटेत कुणी पाणी उचलू नये म्हणून नदीकाठच्या मोटारींची वीज बंद. बंधाऱ्यांच्या फळ्या काढलेल्या. या बंधाऱ्यांना काय म्हणतात माहितीये? कोल्हापूर पद्धतीचे बंधारे. पाठ सोडत नाही बघा!

पप्पा कठड्याला टेकून बराच वेळ बघत होते. मागे शिर्डीच्या गाड्या चाललेल्या, खाली मराठवाड्याचं पाणी चाललेलं. त्या दिवशी पुलावर शिव्या देणारे होते, मोर्चाची भाषा करणारे होते. मी मात्र मनात त्या कोपीतल्या मुलीचा हिशेब करत होते. ती बीडची. हे पाणी तिच्या बाजूला चाललंय, मग मी रागावायचं कुणावर? पप्पांना तसं म्हटलं, तर ते म्हणाले, 'तिच्याबी रानात नाही जायचं ते.' आज एवढ्या वर्षांनी, पाणीवाटपावर दोन-तीन रिपोर्ट लिहून झाल्यावर, मला त्या वाक्यापलीकडे फार काही सापडलेलं नाही. कायदा योग्य आहे, असं माझं मत आहे. ते मी घरी जेवताना काढत नाही.

आता मजा बघा. हीच प्रवरा पुढे नेवाशावरून जाते, जिथं ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली. आणि मागे, उगमाकडे, ब्रिटिशांनी १९२६ साली पुरं केलेलं ते भंडारदरा धरण म्हणजे तुम्हा-आम्हा सगळ्यांचं हिट वीकेण्ड डेस्टिनेशन! मे-जूनमध्ये काजवे, पावसात रंधा धबधबा, तळ्याकाठी टेण्ट, बार्बेक्यू, गिटार. गेल्या वर्षी मैत्रिणींसोबत मीही गेले होते. सगळ्या 'काय व्ह्यू आहे यार' करत होत्या आणि मी पाण्याची रेघ भिंतीवर कुठपर्यंत आलीय ते बघत होते. आवर्तन किती मिळेल, त्याचा अंदाज. सवय, दुसरं काय!

परवा पप्पांचा फोन आला. आजोबांचा शेअर वारसाच्या नावावर करायचाय, घरात तिघांत चर्चा झाली, मुलं दोघंही 'नको' म्हणाली. 'तुझं नाव लावू का?' मला पहिल्यांदा हसूच आलं. मी, सभासद? मला उसातलं कांडं ओढण्यापलीकडे येतं काय? दिवाळीला सभासदांच्या साखरेतली पाच किलोची पिशवी पप्पा दरवर्षी एसटीतून पुण्याला पाठवतात. तीही माझी वर्षभर संपत नाही, कारण आम्ही सगळे आता कॉफी बिनसाखरेची पितो.

'नाव लावलं की रानाकडंबी बघावं लागंल,' पप्पा म्हणाले. 'सहा एकर आहे. मी अजून दहा वर्षं करीन. पुढचं काय ते आत्ताच सांग. रस्त्याकडंची जमीन आहे, लोक विचारू राहिलेत.'

मी म्हणाले, शनिवारी येते. शिर्डीची ट्रॅव्हल्स बुक केलीय. कोल्हारला थांबवा म्हणून ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवायला लागेल.