डेअरीवरची बंद एलईडी पाटी आणि हरवलेलं मॅन्युअल

आज पिकाची नोंद नाही. आमच्या दूध संस्थेत एलईडी पाटी भंगारात काढून नवी घ्यायचा विषय निघाला होता, त्यावर लिहितोय. असे विषय गावोगाव निघतात आणि माझ्या मते त्यातली बरीचशी यंत्रं भंगारात जायच्या लायकीची नसतात.

पाटी म्हणजे ती लाल अक्षरं सरकत जाणारी, संकलन केंद्राच्या दारावर लावलेली. दर, फॅट, एसएनएफ, पेंड कधी येणार, लाळ्या-खुरकूतची लस कधी, सगळं त्यावर यायचं. मजकूर बदलायचं एकाच माणसाला माहीत होतं, तो नोकरी सोडून गेला. मग दर बदलले पण पाटी बदलली नाही. चुकीचा दर दिसतोय म्हणून भांडणं व्हायला लागली, तेव्हा कुणीतरी बटणच बंद करून टाकलं. पुढे पाटी खरोखरच बिघडली. बसवणाऱ्याचा फोन लागत नाही, मॅन्युअल कपाटात नाही. तालुक्याच्या दुकानदारानं लांबूनच बघून सांगितलं, हे मॉडेल आता येत नाही, नवीन घ्या.

मॉडेल येत नसेलही. पण आतला एकेक सुटा भाग आजही बाजारात मिळतो, हे तो सांगणार नाही.

गावातला आयटीआय झालेला एक पोरगा सोबत घेतला आणि दोन संध्याकाळी त्यावर घालवल्या. आधी मेनची वायर काढून मागचं झाकण उघडलं. आत धूळ, पालीची अंडी आणि गांधीलमाशीचं जुनं पोळं. ब्रशनं साफ केल्यावर पहिलं काम पॉवर सप्लाय तपासायचं. या पाट्यांचे दिवे 230 व्होल्टवर चालत नाहीत, आत एक डबी असते ती 230 चे 5 व्होल्ट करते. मल्टीमीटर लावला तर 5 च्या जागी साडेतीन दाखवतोय आणि तोही हलतोय. डबीतले कपॅसिटर फुगलेले. आपल्याकडची वीज बघता बंद पाटीत पहिला संशय इथेच घ्यावा. 5 व्होल्ट 10 अँपिअरची नवी डबी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते, पाटीची कंपनी कुठली हे कुणी विचारत नाही.

डबी बदलली, वीज दिली आणि पाटीवर जुना मजकूर सरकायला लागला. गायीचा दर 25 रुपये! 2018 च्या जुलैमधल्या दूध आंदोलनानंतर सरकारनं ठरवला होता तो. मजकूर ज्या चिपमध्ये राहतो तिला वीज नसली तरी चालतं, वर्षानुवर्षं लक्षात ठेवते. घड्याळाचं तसं नाही. त्याला आतमध्ये नाण्याएवढा सेल असतो, तो संपला की तारीख 1 जानेवारी 2000 वर जाऊन बसते. सेल बदलायचा, विषय संपला. (मोबाईलवर फोटो काढलात तर अक्षरं अर्धवट येतील. तो बिघाड नाही. सगळ्या ओळी एकदम पेटत नाहीत, भराभर आळीपाळीनं पेटतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.)

आता मजकूर बदलायचा कसा? इथे मॅन्युअलची खरी गरज, आणि तेच नाही. पण पाटीच्या बुडाशी जी भोकं असतात ती बरंच सांगतात. आमच्या पाटीला सहा छिद्रांचं गोल भोक होतं, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा गोल पिनेचा कीबोर्ड. आजचा यूएसबी कीबोर्ड अडॅप्टर लावून चालेलच असं नाही, काहीच कीबोर्ड दोन्ही भाषा बोलतात. शाळेच्या अडगळीत जुना मिळाला. पाटी बंद करून जोडला, मग चालू केली.

पुढचं काम वहीचं. एक बटण दाबायचं, काय झालं ते लिहायचं, मग दुसरं. घाईघाईत चार बटणं एकदम दाबली तर काय कशानं झालं ते कळत नाही. खतांचा प्लॉट लावताना आपण सगळं एकदम टाकत नाही, तसंच आहे हे. एका बटणानं वेग बदलला, दुसऱ्यानं तारीख आली, तिसऱ्यानं पासवर्ड मागितला. 1234 दिल्यावर उघडलं. पुसून टाकण्याचा पर्याय दिसतो त्याला मात्र बाकीचं सगळं वहीत उतरल्याशिवाय हात लावायचा नाही.

एक मर्यादा मान्य करतो. आमची पाटी उभ्या सात ठिपक्यांची आहे. सात ठिपक्यांत इंग्रजी अक्षर बसतं, मराठी बसत नाही. शिरोरेषा, वरची वेलांटी, खालचा उकार, जागाच नाही. मराठी लिहायचं तर सोळा ठिपक्यांची पाटी लागते, त्यासाठी नवी घ्यावी हे मला पटतं. पण आज आम्ही त्यावर आकडे दाखवतो. दूध घालायला येणाऱ्या म्हाताऱ्या आयाबायांना इंग्रजी वाचता येत नाही, आकडा येतो. 3.5 आणि 8.5 ला आज काय दर, हे कॅन ओतायच्या आधी समोर दिसतं.

दर व्हॉट्सअॅप ग्रुपवर येतो, पाटी कशाला, असं काही जण म्हणाले. ग्रुपवर घरातली पोरं असतात, दूध घेऊन सासू येते. आणि ग्रुपवरचा दर एकेकटा वाचतो. पाटीवरचा दर रांगेतले सगळे एकदम वाचतात, तिथंच विचारतात. संस्थेच्या दृष्टीनं ती शोभेची वस्तू असेल, उत्पादकाच्या दृष्टीनं हिशोबाची आहे. म्हणून ती बंद राहणं मला चालत नव्हतं.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्यानं 2022 मध्ये समिती नेमली, तिच्या कामात शेतीची अवजारं पहिल्या यादीत होती. चर्चा होते ती ट्रॅक्टरची. पण गावात ठिबकचे ऑटोमॅटिक कंट्रोलर, हवामान केंद्रं, फॅट मशिनी, पाट्या किती येऊन पडल्यात बघा. लोखंड आपलं, पण ते चालवायची माहिती बसवणाऱ्याच्या खिशात. आपणही बिल आणि गॅरंटी कार्ड फाईलला लावतो, पासवर्ड लावत नाही. खरेदीच्या ठरावातच लिहून घ्या की मॅन्युअलची छापील प्रत, पासवर्ड, केबल आणि सॉफ्टवेअर संस्थेच्या दप्तरात जमा होईल. आपल्यातल्या दोघांनी स्वतः मजकूर बदलून दाखवल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. विक्रेता कुरकुर करेल. करू दे.

उघडाउघडी कुठं करायची नाही तेही सांगतो. वजनकाट्याला वैधमापन खात्याचं सील असतं, ते तोडलं तर काटा कायद्यानं बाद. पाटीला असं सील नसतं.

ज्यांच्या पाटीला गोल भोक नाही, नुसता नऊ पिनांचा पोर्ट आहे, त्यांचं काम अवघड. केबल आणि कन्व्हर्टर मिळतो, पण प्रत्येक कंपनीची मजकूर पाठवायची पद्धत वेगळी, सॉफ्टवेअर नसेल तर अडतं. आत 32 बाय 16 ठिपक्यांचे पॅनल असतील (एक पॅनल 32 सेंटिमीटर लांब, 16 उंच) तर फक्त कंट्रोल कार्ड बदला, पॅनल आणि सप्लाय तेच राहतात. मोबाईलवरून चालणारी कार्डं मिळतात आणि त्यावर मराठीही येतं. कार्ड घ्यायच्या आधी मागच्या बाजूचा, चिपांवरचे नंबर वाचता येतील असा फोटो खाली टाका. पोरगा बघून सांगेल.