पाहण्याचे अक्षर, वाचण्याचे अक्षर

लग्नपत्रिका छापायला टाकताना घरोघरी एक वाद ठरलेला असतो. मुलांना नक्षीदार, वळणावळणाचे अक्षर हवे असते. आजोबा म्हणतात, ‘अरे, पत्ता वाचता आला पाहिजे!’ खरे तर दोघांचेही बरोबर असते. कोलकात्याच्या सत्यजित रे यांना हे पक्के उमगले होते.

रे जगाला ठाऊक आहेत ते चित्रपट दिग्दर्शक म्हणून. पण त्याआधी ते अक्षरांत रमले. आजोबा उपेंद्रकिशोर यांचा छापखाना गडपार रोडवरच्या राहत्या घरातच होता. सत्यजित यांची पहिली काही वर्षे तिथेच गेली. १९४३ साली ते डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत चित्रकार म्हणून लागले आणि पुढे सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठेही करू लागले. जाहिरातीचा मथळा ट्राममध्ये बसलेल्याच्याही नजरेत भरायला हवा. पुस्तकाचे पान तासभर वाचले तरी डोळे शिणू नयेत. काम वेगळे, म्हणून अक्षरही वेगळे.

इंग्रजी छपाईत मथळ्याच्या ठसठशीत टाइपाला ‘डिस्प्ले’ म्हणतात. ज्या अक्षरांच्या टोकांना बारीक रेघा असतात तो ‘सेरिफ’. इंग्रजी पुस्तके बहुधा याच टाइपात छापतात. पक्वान्न कितीही गोड असले, तरी सगळे ताट पक्वान्नांनी भरून चालत नाही, पोळी-भाजी लागतेच. पानाचेही तसेच.

रे यांनी इंग्रजी अक्षरांचे चार टाइप घडवले: रे रोमन, रे बिझार, डॅफ्निस आणि हॉलिडे स्क्रिप्ट. त्यांतल्या पहिल्या दोघांना १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धेत पारितोषिक मिळाले. एक शिस्तीचा, दुसरा नावाप्रमाणेच चमत्कारिक. हात मात्र एकच!

मराठी अक्षरांना सेरिफ नसतात, पण निवड तीच असते. पत्रिकेत वधूवरांची नावे हवी तशी नटवावीत. तिथी, वेळ, पत्ता मात्र साध्या, मोठ्या अक्षरांत असावा. नक्षीच्या नादात १ चा ९ वाचला गेला, तर पाहुणे भलत्याच दिवशी मांडवात यायचे! छापण्याआधी कच्चा नमुना घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाच्या हाती द्यावा. चष्मा पुसून त्यांना तो पुन्हा पाहावा लागला, तर खुशाल अक्षर बदलावे.